खडकमाळचे प्रशस्तिपत्र

मु. पो. खडकमाळ, जि. अहमदनगर
गुरुवार, दि. २२ मार्च १९७३

वडीलधारे, तीर्थस्वरूप, आणि माझे मेहुणे असूनही गेल्या एकोणीस वर्षांत माझ्यावर एकदाही न खेकसलेले श्री. नृसिंहराव यांस मार्तंडाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मागल्या पत्रात जिना चढताना कळ येते असे होते. करंजेल तेल कोमट करून चोळावे आणि जिना चढणे टाळावे. (चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हा सल्ला देणे सोपे आहे, हे मला कळते.) वहिनींची दाढ काढली की अजून काढू-काढू चालले आहे? चि. विजयाची परीक्षा झाली असेल, तिला अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. दमयंतीची प्रकृती उत्तम आहे, कारण तिला रोज चार कोस चालणे होते, दोन कोस रिकामा हंडा घेऊन आणि दोन कोस भरलेला घेऊन. आमच्या गावाला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्याचा टँकर येत असे, तो गेले तीन आठवडे बंद आहे. तो माझ्यामुळे बंद झाला. हे वाक्य मी पत्राच्या अगदी शेवटी, जरा आडोशाला लिहिणार होतो, पण दमयंती समोर बसली आहे आणि ती म्हणते, आधी तेवढे लिहा. लिहिले.

आता हे कसे घडले ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्ही घाईने मत बनवणार नाही. पौषात तालुक्याहून एक जाडजूड पाकीट आले. आत 'प्रादेशिक आपत्ती व्यवस्था व स्वयंसेवी संकटसेवा विधेयक' याचा चक्रमुद्रित मसुदा, कलमे सत्तेचाळीस. वर परिपत्रक. हे विधेयक पुढेमागे विधानसभेपुढे जायचे आहे, तत्पूर्वी निवडक गावांनी प्रयोग म्हणून संकटसेवा पथक उभारून पाहावे, प्रात्यक्षिक करून दाखवावे, आणि मसुद्यावर कलमवार अभिप्राय पाठवावा. निवडक गावांत आमचा नंबर कसा लागला ते विचारू नका, आमच्या गावाची निवड आजवर फक्त अवर्षणाने केलेली आहे. आमचे सरपंच आबासाहेब यांनी पाकीट उघडले, हातात धरून वजन पाहिले आणि तसेच शाळेत पाठवून दिले. गावात जे जे म्हणून वाचायचे असते ते हेडमास्तरांनी वाचायचे आणि मग त्यात काय आहे ते आबासाहेबांना दोन वाक्यांत सांगायचे, असा इथला रिवाज आहे.

मसुदा सचिवालयातल्या तुमच्याच कचेरीतला, हे मी पहिल्या पानावरच ओळखले. एकेक वाक्य असे की सकाळी सुरुवात करावी आणि क्रियापद गाठेपर्यंत मधली सुटी व्हावी. तुमच्या हाताखालून हे सगळे जाते या विचाराने मला अभिमानच वाटला. एकच बारीकशी तक्रार आहे. 'आपत्ती' या शब्दाची व्याख्या परिशिष्टात पान अकरावर पाहावी असे कलम दोनमध्ये म्हटले आहे, आणि आमच्या प्रतीत पान दहानंतर एकदम पान तेरा आहे. त्यामुळे आपत्ती म्हणजे काय एवढे सोडून बाकी सर्व विधेयक मला पाठ झाले.

आणि खरे सांगू का, मला ते आवडले. चोवीस वर्षे मी पोरांना पाऊणकी आणि दिडकी शिकवतो आहे. आणि आता सरकार मला उद्देशून 'स्थानिक संघटक' म्हणत होते, मसुद्यात चौदा ठिकाणी. मी एका फळीवर तशी पाटी रंगवून घेतली. (दमयंतीने ती फळी आता पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली आहे. अक्षरे आतल्या बाजूला.) कलम आठप्रमाणे पथकात किमान वीस धडधाकट स्वयंसेवक हवेत. धडधाकट म्हणून जेवढे होते ते सगळे गावामागच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, सकाळपासून खडी आणि माती, दुपारी जेवणाला सुकडी. त्यांना मी पथकाचे महत्त्व समजावायला गेलो तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला एक पाटी उचलू लागायला सांगितली. शेवटी हाती लागले ते तीन. पहिला छगन, शाळेशेजारचा चहाचा हॉटेलवाला, हा उपप्रमुख. दुसरा भिमाजी, कारण कलम बाराप्रमाणे पथकाला वाहन लागते आणि त्याच्याकडे बैलगाडी आहे. (बैल गुरांच्या छावणीत आहेत. 'वाहन ओढण्याचे साधन' या रकान्यात मी 'भिमाजी' असे लिहिले.) तिसरा आसाराम. त्याचा एक पाय अधू आहे, पण नजर घारीची, आणि दिवसभर तो देवळाच्या टेकाडावर रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो.

तालीम सुरू केली. प्रथमोपचाराच्या पुस्तकात बघून मी छगनच्या डोक्याला आणि दोन्ही हातांना बँडेज बांधले. बांधणे उत्तम जमले. सोडण्याचे प्रकरण पुस्तकाच्या पुढच्या भागात असावे, कारण ते आम्हाला काही केल्या सापडेना, आणि तोवर गिऱ्हाइकांनी आपापला चहा आपणच करून घेतला आणि साखर किती घातली ते छगनला फक्त बघत बसावे लागले. तेव्हापासून तो कोणतेही प्रात्यक्षिक म्हटले की हात पाठीमागे घेतो.

आता घंटेचे सांगतो, कारण सगळे तिथेच बिनसले. कलम पंधराप्रमाणे संकटाची सूचना गावभर ऐकू जाईल असे साधन हवे. आमच्या गावात वाजेल अशी एकच वस्तू आहे, शाळेपुढच्या निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर शाळा भरते, त्यावरच सुटते, आणि गेल्या दिवाळीपासून त्यावरच टँकर येतो. म्हणजे असे, की टँकर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही. म्हणून आसाराम टेकाडावर बसतो, लांब रस्त्यावर धुरळा दिसला की लंगडत खाली येतो आणि रूळ बडवत सुटतो. मी नियम केला की लागोपाठ बडवणे म्हणजे टँकर, आणि तीन-तीन ठोके देऊन थांबणे म्हणजे आपत्ती. तसे मी ग्रामसभेत समजावून सांगितले. सभेला अकरा माणसे होती, त्यांतली चार माझ्या घरची.

टँकर आल्यावर काय होते तेही तुम्हाला माहीत हवे, मुंबईत नळ असतात. शाळेपुढच्या मैदानात दोन रांगांत दगड मांडलेले आहेत, घरटी एक. ज्याचा दगड त्याचा नंबर. दगडावर खडूने, गेरूने, कोणी चुन्याने खूण केलेली. टँकर आला की जो तो आपापल्या दगडापाशी हंडे, घागरी, कळशा आणून मांडतो. भांडण दगडावरून होते, माणसांवरून होत नाही, त्यामुळे रांग दोरीत असते. कामावरचे लोकही पाट्या टाकून धावत येतात आणि मुकादम त्यांच्या पुढे असतो. शिवाय ड्रायव्हरने आपल्या मनाने एक दयाळू नियम केलेला आहे की घरात आजारी माणूस असेल तर त्या घराला एक कळशी जास्त. मात्र आजारी माणूस त्याला दाखवावा लागतो. त्यामुळे टँकरच्या दिवशी गावातले एकूणएक म्हातारे-कोतारे बाजेवर घालून मैदानात आणले जातात. (काहीजण वाटेत बाजेवरून उतरून चालतात आणि मैदान जवळ आले की पुन्हा आडवे होतात.)

प्रात्यक्षिकाचा दिवस वीस फेब्रुवारी. तालुक्याहून या योजनेसाठी नेमलेले एक साहेब यायचे होते, साडेदहाला. मी, छगन आणि भिमाजी असे, नेहमीप्रमाणे टेकाडावर बसलेला आसाराम सोडून, संपूर्ण पथक निंबाखाली उभे होतो. साहेब आले की मी तीन-तीन ठोके देणार, छगन बादलीभर माती घेऊन धावणार (पाणी कुठले आणणार?) आणि भिमाजी गाडी ओढत आणणार. साहेबांना यायला उशीर झाला, अकरा वाजले. आणि मग साहेब आले ते जीपमधून. जीपने रस्त्यावर उडवला तो धुरळा टेकाडावरून आसारामने पाहिला.

पुढचे काय सांगू. मी हातोडी उचलायच्या आत आसाराम खाली आला, माझ्या हातातून ती हिसकावून घेतली आणि रूळ असा बडवला की निंबावरचे कावळे उडाले. जीप मैदानात येऊन थांबते न थांबते तोच चारी बाजूंनी गाव धावत आले. बायका, पुरुष, पोरे, मुकादम. हंड्यांचा आवाज म्हणजे काय, काही ऐकू येईना. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच होते. त्यांनी ते दाबले. चार मिनिटे आणि काही सेकंदांत तीनशे माणसे, सहाशेच्या वर भांडी, दोन सरळ ओळींत, कोणी कोणाला ढकलत नाही, कोणी ओरडत नाही, आणि ओळींच्या टोकाला सतरा आजारी माणसे बाजांसकट सुरक्षित स्थळी हलवलेली. साहेब जीपच्या पायरीवर उभे राहून पाहत होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी नऊ गावांची प्रात्यक्षिके पाहिली होती. आमच्या शेजारच्या धोंडेवाडीत आदल्या दिवशी एक म्हातारा आणि एक कुत्रे एवढेच हजर होते, आणि कुत्रे आधी आले होते.

एवढ्यात आक्काबाई जीपवर चढली. ही कोण ते सांगतो. पासष्टीची, विधवा, पहिल्या दगडाची मालकीण, आणि तिचे तोंड सुटले की कुत्री घरात जातात. टँकरऐवजी टपाशिवायची जीप बघून तिला ड्रायव्हरने पाणी कुठे लपवले आहे अशी शंका आली. तिने मागची सीट उचलून पाहिली, मग साहेबांचा डबा उघडून पाहिला. साहेबांनी विचारले, या बाई कोण? आणि नृसिंहराव, इथे मी खरे बोलायला हवे होते. एका वाक्याचे काम होते, साहेब, हे लोक टँकरला आलेत. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलेही होते. पण साहेब माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते त्या नजरेने चोवीस वर्षांत कोणी पाहिलेले नाही, आणि मी म्हणालो, महिला पथकप्रमुख, वाहनाची तपासणी करताहेत. साहेबांनी ते लिहून घेतले. मग विचारले, भांडी रिकामी कशी? मी म्हणालो, प्रात्यक्षिकात पाण्याची नासाडी नको म्हणून. तेही लिहून घेतले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्यांच्याजवळ एक छापील तक्ता होता. तो त्यांनी स्वतःच भरला आणि सहीसाठी माझ्यापुढे धरला. पोरांना मी रोज सांगतो की न वाचता कशावरही सही करू नये. मी मात्र फक्त शेवटची ओळ वाचली, कारण तिच्यात 'स्थानिक संघटक गौरवास पात्र' असे होते. मधल्या ओळींत 'पाण्याची उपलब्धता: भरपूर साधने, समाधानकारक' असे होते ते मला नऊ दिवसांनी कळले. त्या दिवशी टपालाने दोन कागद एकदम आले. एक प्रशस्तिपत्र, सोनेरी काठाचे. दुसरा हुकूम, की खडकमाळ हे संकटप्रसंगी स्वयंपूर्ण ठरले असल्याने तेथील टँकर दुर्बळ ठरलेल्या धोंडेवाडीस वर्ग करण्यात येत आहे. धोंडेवाडीला त्यांचा एक होताच. आता दोन आहेत.

गावाने माझे काय केले ते लिहीत नाही. केले काहीच नाही, तेच लिहिण्यासारखे आहे. आबासाहेब शाळेत आले, प्रशस्तिपत्र मागून घेतले, दोन्ही बाजूंनी बघितले, आणि हे भिजवून प्यायचं का, एवढेच विचारून गेले. छगन मला चहा देतो पण अर्धा. आक्काबाई माझ्या ओट्यासमोरून जाताना रोज थांबते, माझ्याकडे बघते आणि एक अक्षर न बोलता पुढे जाते. त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या पुरवल्या असत्या. आता सगळे गाव पहाटेपासून धोंडेवाडीच्या वाटेला असते. तिथले लोक आमच्या बायकांना सगळ्यांत शेवटी उभे करतात, कारण तिथे आमचे दगड नाहीत. तुमची बहीण त्या रांगेत दोन-दोन तास उभी राहते, घरी येते, हंडा उतरवते आणि मला ताटावर बोलावते. मला ते पाणी घशाखाली उतरत नाही. उतरते, तहान लागलेली असते, पण लाज वाटते.

मी काही केले नाही असे समजू नका. मी सविस्तर अर्ज केला की सदर गाव मुळीच आदर्श नसून घडला प्रकार केवळ गैरसमजाचा आहे. उलट टपाली उत्तर आले, 'आपल्या विनयाची नोंद घेण्यात आली आहे.' मग गेल्या शनिवारी साहेब पुन्हा आले, आता आणखी दोन गावांच्या हेडमास्तरांना आमचा आदर्श दाखवायला. या खेपेस मी ठरवले की सपशेल नापास व्हायचे. आबासाहेबांनी आदल्या दिवशी दवंडी पिटवली की मास्तरांनी घंटा दिली तर कोणी घराबाहेर पडायचे नाही, दारे लावून बसायचे. आसारामला टेकाडावरून उतरवून घरी बसवले. मी स्वतः तीन-तीन ठोके दिले. एक माणूस आला नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली, कोंबडीसुद्धा फिरकली नाही. मला इतका आनंद झाला की तो लपवता लपवता मी साहेबांना पाणी विचारले. (नाही म्हणाले, नशीब.) साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी विचारले, गाव कुठे आहे? आणि छगन, जो मला मदत करायला म्हणून शेजारी उभा होता, तो अगदी सरळपणाने म्हणाला, "घरातच हायेत की सायेब, समदे. मास्तरांनी सांगितलंय, भाईर पडायचं न्हाई."

साहेब थबकले. मग त्यांनी मसुदा काढला, पाने चाळली आणि दोघा हेडमास्तरांना कलम एकतीस वाचून दाखवले. 'संकटसमयी नागरिकांना घरातच थांबण्याचा आदेश व त्याचे पालन.' म्हणाले, सव्वा वर्षापूर्वी लढाईच्या दिवसांत शहरात दिवे मालवायला सांगितले तर लोक बाहेर येऊन कोणाचे दिवे चालू आहेत ते बघत होते, आणि हे गाव बघा. त्या कलमाचे आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी हात टेकले.

तेव्हा नृसिंहराव, मसुद्यावरचा माझा अभिप्राय असा आहे की विधेयक चांगले आहे. संकटात माणसाने माणसाच्या मदतीला धावावे हे कोणाला नको आहे? फक्त कलम बावीसमध्ये जिथे 'पथकाच्या सिद्धतेनुसार गावास द्यावयाची शासकीय मदत कमी करता येईल' असे आहे, तिथे लेखणी जरा थांबवावी. जे गाव धावते ते तहानलेले नसते असे ज्याने लिहिले तो कधी रांगेत उभा राहिलेला नसावा. (ते वाक्य तुमचे असेल तर राग मानू नये.) आणि पान अकरा व बारा पाठवता आली तर पाठवा. आमच्याकडे जे चालले आहे ते त्या व्याख्येत बसते का, एवढे मला बघायचे आहे.

पाडवा पंधरवड्यावर आला. वहिनींना नमस्कार, चि. विजयाला आशीर्वाद, गुडघ्याला तेल. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरावा.

आपला
मार्तंड

ता. क. दमयंती म्हणते, एवढी पाने भरलीत, पण मागायचे ते मागितलेच नाही. मागतो. हे पत्र मी तुमच्या करमणुकीसाठी लिहिलेले नाही. तुमच्या साहेबांना ते जसेच्या तसे वाचायला द्या. माझी सगळी फजिती, माझ्या दोन्ही थापा, न वाचता केलेली सही, सगळे त्यात मुद्दाम सविस्तर लिहिले आहे. ते वाचून कोणीतरी वरच्या अधिकाऱ्याने खालच्या अधिकाऱ्याला एक ओळ लिहावी की खडकमाळ हे गाव संकटसेवेच्या दृष्टीने पूर्णतः नालायक आहे. एवढी ओळ आली की टँकर परत येतो. कोणाला शिक्षा करायची असेल तर मला करा. माझी बदली खुशाल भंडारदऱ्याकडे करा म्हणावे. (हे मी दमयंतीला वाचून दाखवले. ती म्हणाली, गावाला तहानलेले टाकून आपण धरणाकाठी जाऊन राहायचे नाही. तेव्हा बदलीचे खोडले असे समजावे.)

आणखी एक ता. क., शुक्रवार दुपार, वेगळ्या कागदावर. वरील पत्र काल टपालात पडायचे होते, पण पाकिटाला डिंक नव्हता म्हणून राहिले, ते बरे झाले की वाईट ते तुम्हीच ठरवा. आज दुपारी बाराच्या सुमारास छगनच्या हॉटेलात स्टोव्हचा भडका उडाला. वर पाचटाचे छप्पर, शेजारी भिमाजीच्या गाडीत छावणीला न्यायचा कडबा, आणि पलीकडे माझी शाळा, आत पहिली-दुसरीची बेचाळीस पोरे. वारा शाळेकडे. मी पोरांना मागच्या दाराने काढत होतो, मला रुळाची आठवणसुद्धा झाली नाही. कोणीच काही बडवले नाही. तरी मी शेवटचे पोर घेऊन बाहेर येतो तो मैदानात सगळे गाव. आणि नृसिंहराव, या वेळी भांडी भरलेली होती. पहाटे धोंडेवाडीहून आणलेले, डोक्यावर दोन कोस वाहिलेले, दिवसभर पुरवायचे पाणी. आक्काबाई सगळ्यांच्या पुढे. तिने आख्खा हंडा पाचटावर ओतला, मग कळशी ओतली. तिच्यामागे दमयंती, तिच्यामागे सगळ्या. मी म्हणालो, आक्काबाई, अगं प्यायला काय ठेवलंस? तीन आठवड्यांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "जाळ बघून हंडा झाकून बसायचं व्हय, मास्तर?"

विझले. छगनची एक भिंत काळी झाली, बाकी सगळे शाबूत. पोरे आपापल्या घरी आहेत. आणि खडकमाळात या घडीला कोणाच्याही घरी पाण्याचा थेंब नाही.

हा कागद तुमच्या साहेबांना दाखवू नका. पहिले पत्र दाखवा, हा नको. हा कोणी वाचला तर दुसरे प्रशस्तिपत्र येईल आणि टँकर जन्मात येणार नाही. वाचून लगेच फाडून टाका. दमयंती म्हणते, फाडायचा नाही, दादाला म्हणावं जपून ठेव. मला काही सुचत नाही, आणि वेळही नाही, सगळे गाव धोंडेवाडीला निघाले आहे आणि आक्काबाई ओट्याखाली उभी राहून मला हाका मारते आहे. आज हंडा मी नेतो.